अडवलेल्या पाण्यात वाटा कोणाचा?

मार्च सरत आला की मराठवाड्यातील अनेक गावांच्या वाटेवर टँकर दिसू लागतात. टँकर गावातील सार्वजनिक विहिरीत रिकामा होतो आणि दोर, पोहरे, घागरी, प्लास्टिकचे ड्रम घेऊन माणसे, त्यांतही बायका आणि मुली, विहिरीभोवती गोळा होतात. हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यातील विसंगती सहसा लक्षात येत नाही. ज्या विहिरीत टँकर ओतला जातो तिच्यापासून हाकेच्या अंतरावरील शेतात कित्येकदा बोअरवेल चालू असते आणि तिचे पाणी हिरव्यागार पिकाला जात असते. ‘गावात पाणी नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा सार्वजनिक पाणवठ्यात पाणी नाही, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा असतो.

थोडा हिशेब करून पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी दहा हजार लिटर भरते. मराठवाड्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे हजार हेक्टर शिवार असलेल्या गावावर सरासरीच्या वर्षी सुमारे ७०० कोटी लिटर पाणी आकाशातून येते. अर्धाच पाऊस झाला तरी ३५० कोटी लिटर. यातला मोठा भाग वाफ होऊन जातो, बराचसा ओढ्याने वाहून जातो, हे खरे. पण दोन हजार वस्तीच्या गावाची घरगुती गरज किती? जल जीवन मिशनने ठरवलेल्या माणशी दररोज ५५ लिटर या प्रमाणाने ती वर्षाला चार कोटी लिटर होते. उसाच्या एका हेक्टराला एका हंगामात दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागते. दोन हेक्टर ऊस आणि दोन हजार माणसे या तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखेच वजन आहे. तेव्हा पिण्याच्या पाण्याचा दुष्काळ पावसाच्या माथी मारणे हा आपल्या सोयीचा समज आहे. (आणि ऊस तोडायला कोण जाते, हे या शाळेच्या पालकांना सांगण्याची गरज नाही. गावचे पाणी पिऊन वाढलेले पीक असो वा परगावचे, कोयता आपल्याच माणसांच्या हाती असतो.)

पाण्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याआधी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव संमत झाला होता. महाडने तो कागदावरून काठावर आणला. न्यायालयातील लढा पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरास धर्म, जात, लिंग यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. या वाक्यामागे महाडचा इतिहास उभा आहे.

त्या शंभर वर्षांत पाणीच जागा बदलून गेले. तळे, आड, बारव आणि नदीचा डोह या उघड्या जागा होत्या; तिथे पाणी होते, अडवणूक माणसाची होती. आता पाणी जमिनीखाली गेले आहे आणि जमिनीखालचे पाणी जमिनीच्या मालकाने उपसावे, अशी आपल्याकडची रीत आहे. तिची मुळे १८८२ च्या सुविधाधिकारविषयक कायद्यापर्यंत जातात. ज्याच्या नावे सातबारा, त्याची बोअर. सार्वजनिक विहिरीवर जायला आज कोणी अडवत नसेल. पण तिच्या भोवतीच्या पाच-पंचवीस बोअरवेलनी तिचा झरा तोडला असेल, तर अनुच्छेद १५ ने दिलेला अधिकार कोरड्या विहिरीच्या काठावर उभा राहतो. चवदार तळ्यावर प्रश्न पाणवठ्यापर्यंत पोहोचण्याचा होता. आज तो पाणवठ्यात पाणी राहण्याचा झाला आहे आणि त्याचे उत्तर गावाने मिळून द्यायचे आहे.

ते उत्तर शोधायचे तर आपल्या पायाखालचा खडक समजून घ्यावा लागतो. आपला सारा मुलूख लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. वर मातीचा थर, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, मध्येच भेगाळलेला थर, आणि त्याखाली जवळजवळ निर्जल असा काळा पाषाण. नदीकाठच्या गाळाच्या प्रदेशात वाळूचे जाड थर पाणी साठवतात. आपल्याकडे खडकाच्या एकूण आकारमानाच्या शंभरात जेमतेम एक ते तीन भाग पाणी मावते. ही तिजोरी लहान आहे. एका चांगल्या पावसाळ्यात ती भरते आणि एका हावरट हिवाळ्यात रिकामीही होते. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही म्हणून सहाशे फूट खोदणारा शेतकरी नवे पाणी शोधत नसतो. शेजाऱ्याच्या विहिरीतले किंवा फार जुने साठलेले पाणी तो अधिक खर्चाने वर आणत असतो.

म्हणून पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे असते. डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, उतारावर झाडे आणि गवत, घळींत दगडी बांध, खाली नाल्यावर माती-सिमेंटचे बंधारे, त्याखाली पाझर तलाव. धावणारे पाणी चालते करायचे, चालणारे रांगते करायचे आणि रांगणारे थांबवून जिरवायचे. ही पद्धत आपल्या परिसरात कोणी परदेशातून येऊन शिकवावी लागली नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या आडगावात मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात ती उभी केली. पुढे जालना तालुक्यातील कडवंचीत इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली १९९६ पासून याच मंडळाच्या मदतीने माथा ते पायथा काम झाले आणि कोरडवाहू पिके घेणारे हे गाव द्राक्षांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. २०१२ च्या दुष्काळात शेजारची गावे होरपळत असताना कडवंचीच्या बागा उभ्या होत्या. हे यश खरे आहे, आणि त्याबद्दल कौतुकच आहे.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. माथ्यावर अडवलेले पाणी कुठे उगवते? पायथ्याच्या विहिरीत. पायथ्याची काळी, खोल जमीन कोणाची असते? आणि माथ्यावरची, उताराची, मुरमाड जमीन कोणाची? मराठवाड्यातील बहुतेक गावांत याचे उत्तर जातीच्या उतरंडीशी जुळते, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्यानंतरच्या काळात आपल्या लोकांनी कसायला घेतलेली गायराने याच वरच्या पट्ट्यातली आहेत. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला, तरी सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी हेलपाटे घालणारी कुटुंबे अजून आहेत. म्हणजे पाणी ज्या जमिनीत मुरते तिथे आपला माणूस घाम गाळतो आणि ते पाणी ज्या विहिरीत दिसते तिच्यावर त्याचे नाव नसते.

तोटा इथेच थांबत नाही. पाणलोटाच्या कामात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी लागते. तिच्याशिवाय गवत टिकत नाही, माती थांबत नाही. पण जिच्याकडे जमिनीचा तुकडा नाही आणि दोन-चार शेळ्यांवर जिचे घर चालते, त्या बाईसाठी चराईबंदी म्हणजे रोजीवरची बंदी असते. इंडो-जर्मन कार्यक्रमाच्या आखणीकारांना याची जाणीव होती. भूमिहीन व निराधार कुटुंबांना श्रमदानातून सूट देण्याची तरतूद त्यांनी ठेवली होती. ती चांगलीच. मात्र सूट म्हणजे वाटा नव्हे. श्रमदान न करण्याची मुभा मिळाली म्हणून पाझर तलावाच्या पाण्यावर हक्क मिळत नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेत दोन क्रियापदे आहेत. ‘पाणी वाटा’ हे तिसरे क्रियापद तिच्यात आलेच नाही.

ते आणण्याचा सर्वांत धीट प्रयत्न पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंता-उद्योजक दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी नायगावात देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीने कसायला घेतली, बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव बांधला, त्याखाली विहीर काढली आणि पर्जन्यछायेतील त्या उघड्या टेकडीवर पीक घेऊन दाखवले. इथवरचे काम पुष्कळांनी केले आहे. साळुंख्यांचे वेगळेपण यानंतर सुरू होते. पाणी निघाल्यावर ते कोणाला आणि किती, याचे नियम त्यांनी आधी बांधले. त्यांतूनच पाणी पंचायत उभी राहिली.

ते नियम पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातील माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. ऊसासारखे पाणी खाणारे पीक घेता येणार नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा. आणि शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा: भूमिहीनालाही पाण्याचा वाटा.

जमीन नसलेल्याने पाणी घेऊन करायचे काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. उत्तर सोपे आहे. ज्याच्याकडे दहा एकर जमीन आहे पण पाणी अडीच एकराचेच, त्याची उरलेली जमीन कोरडी पडते. ज्याच्याकडे पाणी आहे पण जमीन नाही, तो त्याच्याशी बटाईचा करार करू शकतो. काल जो मजुरी मागायला दारात उभा होता, तो आज भागीदार म्हणून समोर बसतो. गावातल्या दोन माणसांमधले नाते बदलण्याचे एवढे सामर्थ्य कुठल्या अनुदानात आहे? सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर मुक्ती संघर्ष चळवळीच्या पाठबळाने लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणातही हेच तत्त्व स्वीकारले गेले: समान पाणीवाटप, भूमिहीनांसह.

साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांचा विचार राज्याचे सर्वसाधारण धोरण कधी झाला नाही. त्याची कारणे उघड आहेत. ज्यांच्या हाती काळी जमीन आहे त्यांच्याच हाती सहकार, कारखाने आणि बहुतेक ग्रामपंचायती आहेत. त्यांचा युक्तिवादही ऐकून घ्यावा. बंधाऱ्यात आमची जमीन गेली, विहिरीला कर्ज आम्ही काढले, नुकसान झाले तर ते आमचे, मग पाण्यात दुसऱ्याचा वाटा कसा? यातील पहिला मुद्दा रास्त आहे आणि ज्याची जमीन बुडाली त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. पण नाला कोणाच्या मालकीचा नाही, गायरान गावाचे आहे, बांधाचा पैसा सरकारी तिजोरीतला आहे आणि पाऊस तर सातबारा पाहून पडत नाही. चौघांनी भरलेल्या रांजणावर एकाने झाकण ठेवावे, यात न्याय कुठला?

अलीकडच्या प्रयत्नांविषयी थोडक्यात. हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पावसाचे मोजमाप करून, आधी माणसे आणि जनावरे, मग पिके, असा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त पाळली. शेतीसाठी बोअरवेलला बंदी केली. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने २०१६ मध्ये तीन तालुक्यांपासून सुरुवात केली. त्यांपैकी अंबाजोगाई आपला. त्या उन्हाळ्यात हजारो लोक टिकाव-फावडे घेऊन उतरले आणि एरवी एकमेकांच्या दारी न जाणारे लोक एका चरात उभे राहिले, हे लहान यश नाही. मात्र स्पर्धा अडवलेल्या पाण्याची होती, वाटलेल्या पाण्याची नव्हती. जलयुक्त शिवार योजनेवर प्रचंड पैसा खर्च झाला, पण भूजलपातळी वाढवण्यात तिचा फारसा परिणाम दिसला नाही, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात नोंदवले.

शेततळ्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्यांच्याकडे आज विकासाची खूण म्हणून पाहिले जाते. वाहते पाणी साठवण्यासाठी खोदलेले शेततळे ही चांगली गोष्ट आहे. परंतु प्लास्टिक अंथरून पावसाळ्यानंतर विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरलेले शेततळे म्हणजे सामाईक भूजल खाजगी हौदात हलवणे होय. जमिनीखाली असलेले पाणी निदान शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत पाझरत होते. प्लास्टिकवर ते कोणाच्याच उपयोगी न पडता उन्हाने उडते. एकट्या कडवंचीत पाचशेहून अधिक शेततळी आहेत. आदर्श गावांचे अनुकरण करताना हा भाग डोळे मिटून उचलू नये.

आता ग्रामसभेविषयी. लोकसहभागाचे सगळे कार्यक्रम ग्रामसभेच्या ठरावावर उभे असतात आणि बहुमत मिळाले की न्याय झाला, असे मानले जाते. या ठिकाणी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितलेली रोहिणी नदीची हकीकत आठवते. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला, शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने सुचवले की दोघे त्यांचे, दोघे आपले नेमावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. ही सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. पाण्याच्या बाबतीत सभेचे बहुमत चुकू शकते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? गावात शंभर घरांतली पंधरा-वीस घरे आपली. म्हणून वाट्याची अट काम संपल्यावर मतदानाला टाकायची नसते. पहिला चर खोदण्यापूर्वी ती नियमात लिहून घ्यायची असते. पाणलोट समितीत वस्तीतील एक नाव असावे यावर आपण समाधान मानतो. ते नाव बैठकीच्या कागदावर सही करण्यापुरते असेल, तर त्यापेक्षा पाझर तलावाखालच्या सामाईक विहिरीत भूमिहीन कुटुंबांचा ठरलेला हिस्सा मागणे अधिक मोलाचे आहे. त्याबरोबर तलावातील मासेमारीचा हक्क भूमिहीनांच्या गटाला द्यावा. चराईबंदीच्या क्षेत्रातील गवत कापून नेण्याचा पहिला अधिकार शेळ्या असलेल्या घरांना असावा. ही मागणी याचना नाही. माथ्यावरच्या श्रमाची ती किंमत आहे.

कायद्याचे थोडे बळही आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा असून तो २०१४ पासून अमलात आला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, हे १९९३ पासूनचे आहे; २००९ च्या कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवरही निर्बंध आणले. हे किती ग्रामस्थांना माहीत आहे? आपल्यातील जे माजी विद्यार्थी आज महसूल, जिल्हा परिषद, कृषी खाते, न्यायालय येथे काम करतात, त्यांनी आपल्या मूळ गावी जाऊन वर्षातून एकदा एवढे जरी समजावून सांगितले, तरी कमानीला दिलेल्या देणगीपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. (कमानीला माझा विरोध नाही. पण तिच्याखालून घागर रिकामी जाऊ नये.)

वाटा मागायचा तर मोजमाप हाती हवे. नाहीतर आपले म्हणणे भावनेचे ठरते. कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत पाण्याच्या टाक्यांवर ब्राह्मी लिपीत दानलेख कोरलेले आहेत. टाक्याला तिथे ‘पोढी’ म्हटले आहे. पाणी कोणी दिले, कोणासाठी दिले, हे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवण्याची ही रीत होती. आज गावच्या पाण्याची नोंद कुठे आहे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. प्रत्येक वस्तीची विहीर त्यांत असणे शक्य नाही.

आपल्या शाळेला हे काम करता येईल. इथली मुले दिवाळीत आणि मे महिन्यात घरी जातात, म्हणजे पाणी सर्वांत वर असते त्या सुमारास आणि ते सर्वांत खाली जाते तेव्हा. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलामुलीला एक मोजपट्टी, टोकाला बांधायला वजन आणि शंभर पानी वही द्यावी. सुट्टीत वस्तीची विहीर, गावची विहीर आणि शेजारच्या दोन खाजगी विहिरी, अशा चार ठिकाणी काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. तारीख, वेळ आणि त्या दिवशी आसपास किती मोटारी चालू होत्या तेही लिहावे. मोजताना मोठे माणूस सोबत असावे. शाळा उघडली की भूगोलाच्या शिक्षकांनी त्या नोंदी गावनिहाय एका मोठ्या वहीत उतरवाव्यात. पाच वर्षांत पन्नास-साठ गावांच्या विहिरींचा इतिहास आपल्या हाती असेल आणि पुढच्या ग्रामसभेत वस्तीतला माणूस उभा राहील तेव्हा त्याच्या हातात तक्ता असेल. मोजपट्ट्यांचा खर्च माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने उचलावा. येत्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्या वाटून झाल्या, तर पहिली नोंद याच वर्षी होईल.